जुन्या ड्रमसेटचा शोध आणि आपले ध्वनिमुद्रण

आपल्याकडे ध्वनिमुद्रित गीताची समीक्षा म्हणजे शब्दांची आणि गळ्याची समीक्षा, असा संकेत रूढ झाला आहे. कवीचे नाव येते, संगीतकाराचे येते, गायकाच्या स्वरातील आर्ततेवर दोन परिच्छेद खर्ची पडतात. ठेका कोणी धरला, कोणत्या वाद्यावर धरला, त्या वाद्याचे लाकूड कोणते, कातडे कोणते, याची चौकशी सहसा होत नाही. त्यातही पाश्चात्त्य ड्रमसेट तर अगदीच उपेक्षित. तबल्याला घराणी आहेत, पखवाजाला परंपरा आहे; ड्रमसेटला मात्र 'धांगडधिंगा' या एकाच शब्दात निकालात काढले जाते. ज्या ख्रिस्ती समाजाने मुंबईच्या चित्रपटसंगीताला ड्रमवादक पुरवले, त्या समाजातही याविषयी चार ओळी लिहिल्या जाऊ नयेत, याचे आम्हाला नवल वाटते.

गेली काही वर्षे ध्वनिमुद्रण करणाऱ्या मंडळींत एक हौस वाढीस लागलेली दिसते. कारखान्यांनी केव्हाच बनवायचे सोडून दिलेले ड्रमसेट हुडकून काढायचे, त्यांची डागडुजी करायची, आणि बाजारात नवा चकचकीत सेट मिळत असताना मुद्दाम त्या जुन्यावर वाजवून गीत मुद्रित करायचे. इंग्लंड-अमेरिकेत ही हौस चांगलीच रुजली आहे; मुंबई-गोव्यातही तिचे रसिक आहेत, आणि पेण-रोह्याच्या तरुण वादकांपर्यंत तिचे वारे येऊन पोचले आहे. काही जण तिला श्रीमंती छंद म्हणून हसतात, तर काही जण जुन्या नाममुद्रांची पूजा बांधून बसतात. आम्हाला दोन्ही भूमिका उथळ वाटतात. जुन्या ड्रमचे मोल त्याच्या वयात शोधू नये. त्याच्या आवाजाला मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेमुळेच तो गाणाऱ्या माणसाला जागा देतो, हे आमचे मुख्य प्रतिपादन आहे. आपल्या चर्चमधील गायनाच्या व त्याच्या मुद्रणाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ड्रमसेट हे तसे तरुण वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू ऑर्लीन्स येथील बँडांतून मोठा ढोल आणि साईड ड्रम ही दोन माणसांची वाद्ये एकच माणूस वाजवू लागला. १९०९ साली विल्यम लुडविग यांनी पायाने मोठा ढोल वाजवण्याच्या पेडलचे पेटंट घेतले आणि वादकाचे हात मोकळे झाले. विसाच्या दशकाच्या अखेरीस पायाने मिटणारी झांजांची जोडी, म्हणजे हाय-हॅट, तिला येऊन मिळाली. तिसाच्या दशकात दोन्ही बाजूंनी ताणता येणारे टॉमटॉम आले. शिकागोत लुडविग आणि स्लिंगरलँड, लंडनमध्ये १९२२ साली स्थापन झालेली प्रीमियर, अशा मोजक्या घरांनी या वाद्याला आकार दिला. चार जणांचे काम एका जणावर सोपवणारे हे वाद्य काटकसरीतून जन्मले, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याला आलेला थाट नंतरचा आहे.

मुंबईत ते आले हॉटेलांतील नाचगाण्याबरोबर. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला आणि जॅझचे वारे शहरात खेळू लागले. हे संगीत उचलायला माणसे तयारच होती. गोव्यातील धर्मग्रामशाळांत सोल्फेज आणि व्हायोलिन शिकलेली मुले पोटापाण्यासाठी मुंबईस येत, धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावच्या कुडांत उतरत, आणि संध्याकाळी वाद्य काखोटीस मारून कामावर जात. १८६५ पासून चालत आलेले फुर्तादो यांचे वाद्यांचे दुकान त्याच परिसरातले. रात्री हॉटेलात वाजवणारी हीच माणसे दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत जाऊ लागली. आल्दोना गावचे अँतोनियो शावियेर वाझ, म्हणजे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले; कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुजी या पारशी कुटुंबाने तालवाद्यांची बाजू सांभाळली; पुढे लेस्ली गुदिन्हो, फ्रँको वाझ असे ड्रमवादक राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात नावारूपाला आले. पडद्यावर यांची नावे क्वचितच झळकली. पण आज जुना ड्रम शोधणाऱ्या माणसाच्या कानात जो आवाज साठून राहिलेला असतो, तो याच मंडळींचा.

हा आवाज नेमका कशाचा, हे पाहू. जुन्या ड्रमचे खोड पातळ असे. साठच्या दशकातील अमेरिकन ड्रम बहुधा तीन पदरांचे. मेपल, पॉप्लर, महोगनी यांसारख्या लाकडांचे पत्रे एकमेकांवर चिकटवून वाकवलेले, आणि तोंडाशी बळकटीसाठी आतून लाकडी कडे. प्रीमियरची खोडे बर्चची. ज्या कडेवर कातडे टेकते ती कड त्या काळी गोलसर घासलेली असे, त्यामुळे कातड्याचा मोठा भाग लाकडाला चिकटून राही. परिणाम असा की काठी पडल्यावर आवाज उमटतो, पोटात घुमतो आणि लवकर विझतो. पुढच्या काळात खोडे जाड झाली, पदर वाढले, कड धारदार झाली. काठीचा आघात टोकदार आणि दूरवर जाणारा झाला, नाद लांबला. मोठ्या मैदानात, भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांसमोर हे उपयोगाचे आहे, यात शंका नाही. लहान खोलीत किंवा दगडी चर्चमध्ये मात्र तोच गुण डोकेदुखी ठरतो.

दुसरा फरक कातड्याचा. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत रेमो बेली आणि चिक इव्हान्स यांनी प्लॅस्टिकची पुडी बाजारात आणली, त्यापूर्वी ड्रमला वासराचे कातडे असे. कातड्याला हवा लागते. दमट दिवशी ते सैल पडते, उन्हाने आवळते. आपल्या कोकणात याचे वेगळे स्पष्टीकरण नको. पालखीपुढे खालूबाजा वाजवणारे वादक ढोल-टिमकी गवताच्या जाळावर शेकतात, हे रोह्याच्या धावीर महाराजांच्या उत्सवाला गेलेल्या कोणीही पाहिले असेल. प्लॅस्टिक आल्यावर वादकाची ही यातायात संपली, आणि आवाजातील मऊपणाही थोडा संपला. आम्ही प्लॅस्टिकविरोधी नाही. लग्नाच्या मांडवात जूनच्या पावसात वाजवणाऱ्या माणसाला कातड्याचे गोडवे ऐकवणे हा शुद्ध अन्याय आहे. पण ध्वनिमुद्रण म्हणजे निवडलेला दिवस, निवडलेली खोली. तेथे हा विचार करायला हरकत नसावी.

'अलबेला' हा भगवानदादांचा १९५१ चा चित्रपट घरोघरी ठाऊक आहे. चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक त्यात पडद्यावरही दिसतात. त्या गीतांतील ठेका एकदा डोळे मिटून, शब्दांकडे दुर्लक्ष करून ऐकावा. तालवाद्ये गाण्याच्या मागे उभी आहेत, पुढे ढकललेली नाहीत. याचे एक कारण सी. रामचंद्र यांची रुची. दुसरे कारण निव्वळ तांत्रिक. तेव्हा सगळे वादक आणि गायक एकाच वेळी, एकाच दालनात वाजवत-गात आणि ते सर्व एकाच पट्टीवर मुद्रित होई. मोजके मायक्रोफोन. ज्याचा आवाज मोठा त्याला दूर बसवायचे, ज्याचा लहान त्याला जवळ. तोल असा सांभाळायचा. ड्रमवादक साहजिकच दालनाच्या टोकाला. म्हणजे आपण आज ज्याला 'जुन्या ड्रमचा आवाज' म्हणतो त्यात ड्रम किती आणि मधली वीस-पंचवीस फुटांची हवा किती, हा प्रश्न शिल्लक राहतो. जुना सेट विकत घेऊन त्याला बोटभर अंतरावर सात मायक्रोफोन लावणारे रसिक हा प्रश्न स्वतःला विचारीत नाहीत. त्यांनी वस्तू आणली, अंतर आणले नाही.

पंधरा वर्षांनंतरचा 'तीसरी मंझिल' (१९६६) घ्या. येथे नायकच ड्रमवादक. शम्मी कपूर यांनी रंगवलेला रॉकी. राहुलदेव बर्मन यांनी ड्रमला मागच्या रांगेतून उचलून पुढे आणले. तरीही त्या गीतांत ड्रम मोहम्मद रफींच्या गळ्याशी भांडत नाही. आघात होतो, विझतो, आणि विझल्यानंतरच्या त्या छोट्या पोकळीत शब्द येऊन बसतो. ड्रम लवकर गप्प बसतो म्हणून गाणे वेगवान असूनही गजबजलेले वाटत नाही. आमच्या मते जुन्या ड्रमच्या गुणाचा हा सर्वांत चांगला पुरावा आहे. तो शांत, भक्तिपर गीतात न मिळता एका थिरकत्या चित्रपटगीतात मिळतो, याने कोणी बिचकू नये.

याच सुमारास परदेशात लुडविगला सोन्याचे दिवस आले. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकन दूरचित्रवाणीवर वाजवताना दिसले. रिंगो स्टार यांच्या मोठ्या ढोलावर लुडविगचे नाव ठळक होते, आणि मागणी इतकी वाढली की कारखाना पुरा पडेना. पुढे हेच रिंगो ध्वनिमुद्रणात ड्रमवर चहाचे फडके टाकून त्याचा नाद आणखी दाबू लागले. ज्या सेटसाठी आज लाखांनी पैसे मोजले जातात, त्याचा मूळ धनी त्यावर फडके अंथरत होता, ही गंमत जुन्या वस्तूंच्या शौकिनांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

उत्पादन बंद पडण्याच्या कथा निरनिराळ्या. हॅम्बुर्गची ट्रिक्सन ही कंपनी एका बाजूने चेपलेल्या अंड्यासारखा मोठा ढोल बनवी. सत्तरच्या सुमारास ती संपली. रॉजर्स हे अमेरिकन घर ऐंशीच्या दशकाच्या मध्यास बंद पडले. स्लिंगरलँडचे नाव या मालकाकडून त्या मालकाकडे फिरत राहिले. प्रीमियरचे नाव टिकले, पण साठच्या दशकातील नमुने केव्हाच गेले. आणि हा शोध केवळ लाकूड-कातड्याचा राहिलेला नाही. रोलँड कंपनीने १९८० ते १९८३ या काळात टीआर-८०८ नावाचे ताल वाजवणारे यंत्र बनवले. खऱ्या ड्रमसारखे वाजत नाही म्हणून ते फारसे खपले नाही, बंद झाले, आणि बंद झाल्यानंतर त्याच न जमलेल्या आवाजासाठी जग त्याच्यामागे लागले. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली हेच यंत्र घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले. ती तबकडी तेव्हा कोणी विचारली नाही. २०१० मध्ये ती नव्याने निघाली तेव्हा परदेशात तिचा गाजावाजा झाला. तेव्हा यंत्र म्हणजे निर्जीव आणि लाकूड म्हणजे सजीव, अशी सोपी विभागणी आम्ही करणार नाही. हात कोणाचा आणि कान कोणाचा, हे प्रत्येक वेळी पाहावेच लागते.

आता आपल्या भागाकडे येऊ. पेणहून वडखळ, नागोठणे, भिसे खिंड करीत रोह्यास जाणाऱ्या रस्त्यावर जुने ड्रम शोधायचे म्हटले तर कोठे पाहावे? वाद्यांच्या दुकानात नव्हे. ते सापडतात बँडवाल्यांच्या पडवीत, बेंजो पार्टीच्या टेंपोत, शाळेच्या बँडच्या खोलीत मोडक्या बाकांखाली, क्वचित एखाद्या घराच्या माळ्यावर. स्वातंत्र्यानंतर १९९१ च्या उदारीकरणापर्यंत परदेशी वाद्य आणणे ही सोपी गोष्ट नव्हती. जकात जबर होती आणि परवान्यांचा घोळ मोठा. त्यामुळे आलेला सेट कधी टाकला जात नसे. मुंबईच्या वादकाकडून तो उपनगरातील बँडकडे जाई, तेथून तुकड्यातुकड्याने जिल्ह्यात उतरे. आपल्याकडे म्हणूनच अखंड सेट मिळत नाही. मोठा ढोल एका घरचा, टॉमटॉम दुसऱ्याचा, कडी मेरठच्या जाली कोठीतली, पेडल चोरबाजारातले. सारे अठरा धान्यांचे कडबोळे. परदेशी संग्राहक अशा सेटकडे ढुंकूनही पाहणार नाही. त्याला एकाच वर्षाचे, एकाच रंगाचे, शिक्का शाबूत असलेले हवे असते. लुडविगच्या साठच्या दशकातील खोडांत आतून तारखेचा शिक्का मारलेला असे, तो दिसला की त्याचे समाधान.

आमचे मत याच्या उलट आहे. पेण तालुक्यात आमच्या पाहण्यात एका बेंजो पार्टीकडे असा एक मोठा ढोल आला. वरची रंगीत पट्टी उडालेली, नावाची पितळी चकती केव्हाच निघून गेलेली, एका बाजूस पत्र्याचे ठिगळ. त्याच्या मालकाला त्याचे कुळ-मूळ ठाऊक नव्हते, आणि त्याची त्याला पर्वाही नव्हती. पण पुडी नीट बसवून, आत एक जुनी गोधडी ठेवून त्यावर पाय मारला तेव्हा जो बुटका, गोल, पोटातून आलेला आवाज उमटला, तो शेजारी ठेवलेल्या नव्या ढोलातून काही केल्या निघेना. समीक्षकाचे काम येथे सुरू होते. शिक्का वाचणे हे दप्तरदाराचे काम; आवाज ऐकणे हे रसिकाचे. शिक्का नसलेला हा ढोल भंगारात किलोच्या भावाने जाईल, आणि शिक्का असलेला पण तडकलेला ड्रम दिवाणखान्यात शोभेला बसेल, असे होऊ नये. ही भीती काल्पनिक नाही. बेंजो पार्ट्यांत ऑक्टोपॅड स्थिरावल्यापासून लाकडी ड्रम जागा अडवतो म्हणून तो विकून टाकण्याकडे कल आहे. ऑक्टोपॅड टेंपोत मांडीवर मावतो. त्यांचा दोष नाही. पोट त्यांना भरायचे आहे.

आता चर्चचा प्रश्न. ड्रम हे उपासनेचे वाद्य आहे काय, असा आक्षेप ज्येष्ठ मंडळी घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली पवित्र संगीताविषयी जी आज्ञा काढली तिच्यात पियानोबरोबरच ड्रम व झांजांसारखी गोंगाटी, उथळ वाद्ये चर्चमध्ये निषिद्ध ठरवली होती. बँडला मात्र चर्चबाहेरच्या मिरवणुकीत काही अटींवर मोकळीक होती; आपल्या सणांच्या मिरवणुकांत ब्रास बँड आणि त्याचा ढोल टिकून राहिला तो या वाटेने. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांना, ती पवित्र कार्यास योग्य असतील किंवा तशी करता येतील तर, दार उघडले आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचा आदर करण्यास सांगितले. १९६७ च्या सूचनापत्राने पुन्हा बजावले की जी वाद्ये लोकमतानुसार केवळ लौकिक संगीताचीच समजली जातात ती उपासनेत आणू नयेत. या तिन्ही दस्तऐवजांच्या काळात आपल्याकडे तबला, ढोलकी, टाळ वेदीजवळ आले, आणि आता त्यांच्याविषयी कोणी कुरकुर करीत नाही. स्तोत्रसंहितेचे शेवटचे स्तोत्र डफ आणि झांजांनी परमेश्वराची स्तुती करण्यास सांगते, याची आठवण तरुण मंडळी ज्येष्ठांना देतात. तीही खोटी नाही.

आमच्या मते 'योग्य करता येणे' या शब्दांत सगळे मर्म आहे. ड्रम चर्चमध्ये योग्य होतो की नाही हे त्याच्या नावावरून ठरत नाही, आवाजावरून ठरते. उंच छताच्या, उघड्या भिंतींच्या इमारतीत प्रत्येक ध्वनी मागे रेंगाळतो. अशा जागी लांब नादाचा, टोकदार आघाताचा नवा ड्रम वाजवला की एका आघाताची शेपटी दुसऱ्याच्या अंगावर पडते आणि शब्द बुडतात. मिस्सामध्ये शब्द बुडाला तर मग उरले काय? तेथे पातळ खोडाचा, लवकर विझणारा जुना ड्रम, काठीऐवजी तारांच्या ब्रशने वाजवलेला, शब्दाच्या पायाखाली सतरंजीसारखा पसरतो. १९०३ च्या आज्ञेला ज्या गोंगाटाचे भय होते, तो हा नव्हे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो.

पण आपली मुद्रित भक्तिगीते ऐकली तर वेगळेच चित्र दिसते. सण जवळ आला की गीतांचा नवा संच निघतो, आता मोबाइलवर. शब्द चांगले असतात, पुष्कळदा चालही चांगली असते. ठेका मात्र कीबोर्डमध्ये तयार मिळतो तोच, बटण दाबून चालू केलेला. हा ठेका कधी चुकत नाही, आणि हाच त्याचा दोष. पेण-रोह्याच्या चर्चमध्ये रविवारी गाणारी माणसे कोण आहेत पाहा. कोणी धाटावच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आलेला, कोणी केरळातून, कोणी मंगळूर-गोव्याकडून येथे स्थिरावलेला, कोणी वाडीवरून चालत आलेली. मराठी प्रत्येकाची वेगळ्या वळणाची. कडवे संपले की ही माणसे श्वास घेतात, आणि सगळ्यांचा श्वास एका मापाचा नसतो. हाताने वाजवणारा माणूस ते पाहतो, अर्धी मात्रा थांबतो, सर्वांना गोळा करून पुढे नेतो. बटणाचा ठेका थांबत नाही. मग मुद्रणात लोक यंत्राच्या मागे धावताना ऐकू येतात. आणि तीच ध्वनिफीत पुढे गायनवृंदाला नमुना म्हणून दिली जाते, तेव्हा ते धावणे हीच चाल होऊन बसते.

यावर एक उत्तर असे दिले जाते की आता संगणकात जुन्या ड्रमसेटचेच नमुने मिळतात. नामांकित जुन्या सेटचा एकेक आघात निरनिराळ्या जोराने मुद्रित करून ठेवलेला असतो. आपण हवे तेथे तो बसवायचा. हे तंत्र आम्ही ऐकले आहे, आणि त्याची सफाई मान्य करतो. पेणच्या माणसाला त्याची मर्यादा सांगायला मात्र फार शब्द लागू नयेत. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत एका साच्यातून शेकडो गणपती निघतात, आणि कोणताही जाणता कारागीर सांगेल की मूर्तीची किंमत साच्यात नसते, डोळ्यांच्या आखणीत असते. संगणकातील ड्रम हा उत्तम साचा आहे. त्यावर डोळे आखणारा हात बसवला तर तोही बोलू लागेल. आपल्याकडे बहुतेक वेळा मूर्ती साच्यातून निघते तशीच मांडवात जाते.

येथे घुमटाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. मातीच्या मडक्याला एका तोंडाशी कातडे ताणलेले हे वाद्य गोव्याच्या मांडोत आणि मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन लग्नघरांत वाजत आले. जुन्या घुमटाला घोरपडीचे कातडे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि ते कातडे गेले, हे योग्यच झाले. आता शेळीचे वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला. येथे तर कायद्यानेच 'उत्पादन बंद' केले, आणि जुना आवाज पुन्हा मिळवणे योग्यही नाही. तरीही वादकांनी वाद्य सोडले नाही. त्यांनी शेळीच्या कातड्यातून जमेल तितका जुना घुमार काढला, नाही जमला तेथे नवा स्वीकारला. जुन्या ड्रमच्या शौकिनांनी या घुमटवादकांकडून पुष्कळ शिकावे. सगळेच जुने परत मिळाले पाहिजे असा हट्ट त्यांनी धरला नाही.

तेव्हा आमच्या धर्मग्रामांतील तरुणांनी काय करावे? लाखाचा लुडविग मागवण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्या तालुक्यात जे तुकडे आहेत ते आधी पाहावेत. हात लावण्यापूर्वी ज्यांच्याकडे ते आहेत त्या बँडवाल्या काकांना ते वाजवून दाखवायला सांगावे, कारण त्या ड्रमची खोड त्यांच्या मनगटाला ठाऊक असते. खोड गोल आहे की चेपलेले, पदर सुटले आहेत काय, कड कोणी 'सुधारली' तर नाही ना, एवढे पाहावे. गंजलेल्या खिळ्या-कड्या बदलता येतात, घासून धारदार केलेली कड परत गोल होत नाही. वरची जुनी पट्टी खरवडून रंग देण्याचा मोह आवरावा. मुद्रणाच्या वेळी दोन मायक्रोफोन पुरेत. एक वादकाच्या डोक्यावर हातभर उंच, दुसरा चार-पाच पावले दूर. आणि गाणारी माणसे त्याच खोलीत असू द्यावीत, दुसऱ्या दिवशी वेगळी बोलावू नयेत. आवाज एकमेकांत थोडे मिसळतील. मिसळू द्यावेत, 'अलबेला'त ते मिसळलेलेच आहेत.

वेळेचाही विचार व्हावा. नाताळची गीते नाताळात लोकांच्या हाती पडावीत म्हणून आपल्याकडे त्यांचे मुद्रण श्रावण-भाद्रपदात उरकले जाते. त्या दिवसांत पेण-रोह्याच्या हवेत भिंतीसुद्धा ओल्या असतात. लाकूड फुगते, कातडे लोंबते, आणि मग कीबोर्डचे बटण दाबण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हीच गीते आदल्या जानेवारीत, सणाच्या उत्साहात सर्वांना चाली तोंडपाठ असताना, कोरड्या थंडीत मुद्रित करून ठेवली तर वर्षभर कोणी त्यांना खाणार नाही. त्या वेळी ढोल शेकायला गवतही पेटवावे लागणार नाही.